स्थिर आकार

सिंदेवाहीच्या पुढं, धानाच्या बांध्यांमधून
महिन्यातून एकदा माझी मोटरसायकल जाते.
एकशे बारा घरं, एकशे बारा मीटर.
काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसायची,
फोटो काढायचा, पुढं.
पंचफुला निकुरे यांच्या दारात मात्र
दर खेपेला अडलो.
अकरा युनिट. मग नऊ. मग पुन्हा अकरा.
शेरा लिहिला: संशयास्पद.

पथक आलं. तिघं जण, एक शिडी.
तारेवर आकडा शोधला, भिंतीमागं शोधला, कवेलूंखाली,
मीटरचं सील नखानं खरवडून पाहिलं.
ती शाळेतली खिचडी रांधून नुकतीच परतलेली,
पाय धुऊन उंबऱ्यात बसली न् म्हणाली,
"धुंडा जी, धुंडा.
गवसलं तं मलेबी दाखवजा."

आकडा गवसला नाही.
गवसलं एक टोपलं, तणसानं गच्च भरलेलं,
तणसाच्या पोटात
जुन्या लुगड्यानं गुंडाळलेला गंज.
साहेबांनी झाकण उचललं, चष्म्यावर वाफ.
सकाळी एक उकळी दिलेली लाखोळीची डाळ
विस्तवावाचून, आपली आपण शिजत होती.
"झाका जी लौकर!" ती ओरडली,
"तुमच्या चौकशीनं अर्ध्या घंट्याची आच उडाली."

आंगणात काळा रंगवलेला पिपा, उन्हात,
आंघोळीपुरतं पाणी तापवत उभा.
वळचणीला वांग्याच्या खुला, अंबाडीचा सुकलेला पाला,
बाजारात कोणी विचारत नव्हतं त्या हप्त्यात
सुतळीत ओवून ठेवलेल्या मिरच्या,
मडक्यात उद्याच्या न्याहारीची पेज.
आणि दिवा एकच. लांब वायरचा.
चुलीपासून खाटेपर्यंत, खाटेपासून गोठ्यापर्यंत
तिच्या मागं शेळीसारखा हिंडणारा.

साहेब म्हणाले, "मुलगा बल्लारपुरात कमावतो ना, बाई?
मग हे एवढं कशाला?"
तिनं खिळ्यावरचं कॅलेंडर उलटं केलं.
पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीचे आकडे:
सिलिंडर, पाच महिने चार दिवस.
तेल, पावणेदोन किलो.
खाली एक रेघ. रेघेखाली
जरा मोठ्या अक्षरात:
नाटक. पुढची खुर्ची. दोन.

"पंचवीस वर्सं मागं मातीत बसून पायलं," ती म्हणाली,
"नटीचे डोरे दिसतच नवते.
आता मंडई आली का खुर्चीवर बसतो.
ते रडते तं खरोखर पानी येते जी तिच्या डोऱ्यात.
मले वाटे, नुसतीच ओरडते."
"आणि दुसरी खुर्ची?"
"जाईबाईची. माई धाकटी बहीन.
ऐकू कमी येते तिले."

पथक गेलं. जीपची धूळ बसेपर्यंत
मी शेरा खोडत उभा होतो.
तिनं बिल पुढं केलं, एका ओळीवर बोट.
जळालेल्या विजेहून तो आकडा मोठा.
"हे का होय जी?"
"स्थिर आकार."
"मी महिनाभर बहिनीकडं होतो, कुलूप होतं घराले,
तवाबी हा होताच.
कोनता दिवा होय हा? कुठी जरते?
दाखवा. मी विझवतो."

नियम मला पाठ आहे.
तिच्या त्या बोटासमोर सांगता आला नाही.

रात्री घरी आलो.
बैठकीत कोणी नाही, पंखा फिरतोय,
टीव्हीतला माणूस रिकाम्या दिवाणाला मिक्सर विकतोय.
फ्रिज उघडला, तर मागच्या बुधवारची मेथी
पिशवीत काळी पडून बसलेली,
थंडगार.

बटणं दाबत गेलो. एक, दोन, पाच.
आतून बायकोचा आवाज आला,
"लाइट गेली का हो?"
"नाही," मी म्हटलं,
"एक दिवा शोधतोय."