उभी ताटं

अंगद म्हणाला, ताई, ताट आडवं ठेवलं की मरतं.
उभं ठेवा, कडेवर.
धक्का बसला तर कडेकडेनं निघून जातो.

तो भूमचा. पाच वर्षं लोकांची घरं बांधतोय,
म्हणजे खोक्यांत.
मी एकवीस वर्षं भूगोल शिकवला,
मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

वाईन शॉपची खोकी मीच आणली होती कोपऱ्यावरून;
आत पुठ्ठ्याचे कप्पे असतात, पेल्यांना बरे.
खालच्या दातारांनी चार फेऱ्या मोजल्या,
पाचवीला विचारलंच:
काय, कार्य काढलंय का?

पुस्तकं लहान खोक्यात, उशा मोठ्या.
मी उलटं केलं होतं.
सगळे खंड एकाच खोक्यात, दोघांना उचलेनात.
अंगदनं काही न बोलता ते रिकामं केलं.

कपाच्या पोटात आधी कागद,
मग कानाला वेगळा कागद,
मग आख्खा कप.
कान आधी जातो, म्हणाला. नेहमी कानच.
चष्म्याच्या जाहिरातीत मीठदाणी गेली,
‘गुरुवारी पाणी बंद’मध्ये तांब्या.
मी खोक्यांवर लिहीत होते:
स्वयंपाकघर एक, स्वयंपाकघर दोन,
आणि एकावर नुसतं
असू दे.

शेवटी माळ्यावरून बरणी निघाली.
लिंबाचं, खारातलं, दोन हजार अकराचं.
पार काळं झालेलं.
पोट बिघडलं की एक फोड, एवढाच त्याचा उपयोग.

अंगद मागे सरला.
पातळ काही नेत नाही आम्ही.
टेप लावू? वर प्लास्टिक? कणकेनं लिंपू?
नाही ताई. एक सांडलं की सगळ्या गाद्या जातात.

इचलकरंजीला फोन लावला.
काय विचारायचं ते ठरलं नव्हतं.
म्हटलं, आई, तुझं लिंबाचं आहे अजून.
लिंबाचं? ती म्हणाली, मी कधी घातलं?
आणि मग, फार अदबीनं:
आपण कोण बोलताय?

मी नाव सांगितलं.
छान आहे, म्हणाली.

डहाणूकर कॉलनी ते रावेत
मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी,
बरणी मांडीवर, तोंडाला ओढणीची गाठ.
चांदणी चौकात तो दोनदा चुकला,
एकदा तर मुळशीकडे निघालो होतो.
मागे ताटं उभी होती. आवाज नाही.
स्पीडब्रेकर आला की मी बरणी
मांडीपासून बोटभर उचलून धरायची,
आणि पुन्हा ठेवायची.

तरी थोडं आलंच झाकणाबाहेर.

रावेतला उतरताना अंगदनं ओढणीवरचा डाग पाहिला.
सांडलं ना?
हो, म्हटलं.
आणि बोट चाटलं.