निवटी

साखरीनाट्याच्या बर्फ कारखान्यात जनरेटर होता,
म्हणून माझा खेळ तिथे वाढला.
गावात वीज गेली तरी मशीन चालायचं,
मशीनसोबत वायफाय.
होडेकरचाचा हिशेबाचं अर्धं टेबल द्यायचे.
बोटं गार पडली की चहाच्या ग्लासाला लावायची.

खेळातलं नाव निवटी.
इंफाळच्या पोराला अर्थ सांगितला:
चिखलातला मासा, ओहोटीलाही उड्या मारतो.
तो म्हणाला, बरं. पण मागे आवाज कसला?
लाद्या फोडतायत, म्हटलं. तू डावा जिना धर.

तीन वर्षं चौघं माझ्या शब्दावर धावले,
मेले, परत उठले.

हैदराबादला फायनल. काचेची खोली.
कानांवर असे हेडफोन की स्वतःचा श्वासही परका.
शेवटच्या वर्तुळात मी "थांबा" म्हणालो,
अर्धा सेकंद उशिरा.
अब्बा तांडेल. वल्हं पाण्यात, कान वल्ह्याला,
घोळ अशी सापडते, म्हणायचे.
मला काहीच ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या नंबरच्या पैशातून होडीला इंजिन आलं.
मग टीमचा मेसेज: करार संपला, शुभेच्छा,
शेवटी जोडलेल्या हातांचं चित्र.
मी तेवीस वर्षांचा.

आता हिशेब मीच लिहितो.
अर्ध्या टेबलाला आठवीतली नाझमीन बसते,
खेळातलं नाव विचारलं तर सांगत नाही.
काल माइकवर हात ठेवून म्हणाली,
भाई, आत शिरू की थांबू?

मागे क्रशर सुरू झाला.
मी म्हटलं,
ऐक.