उणे अकरा

तार्तूत उणे अकरा.
उकूचे लंगोट तारेवर टाकले
आणि तासाभरात त्यांचे पापड झाले,
कडक, वाजणारे.

शेजारची हेल्यू कुंपणाशी थांबली.
"दुकानातले संपले?"
"नाही. आम्ही तसं ठरवलंय."
"ठरवलंय," ती म्हणाली,
नवा शब्द जिभेवर घोळवावा तशी.

"मला तीन पोरं. पाणी विहिरीचं.
दुकानातला पहिला पुडा घरात आला
त्या रात्री मी रडले, सुखानं."

मला काही सुचेना.
आत उकूनं भोकाड पसरलेलं.

मग तिनंच हातमोजे काढले,
एक लंगोट सोडवला,
गुडघ्यावर आपटला. भुरभुर बर्फ.

"शेगडीपाशी नको, जिन्यात टांग.
आणि चिमटे लाकडी घे.
प्लास्टिकचे थंडीत तुटतात."