चौकोन एम के पंच्याहत्तर

उद्यमबागेतली दुसरी पाळी सुटली तरी
माझ्या कानांत भट्टी तासभर चालूच असते.
इंडक्शनची भट्टी. ना कोळसा, ना ज्वाळा.
तांब्याच्या वेटोळ्यातून नुसता करंट फिरतो
आणि मधलं लोखंड, कुणी हात न लावता,
आधी लाजतं, मग पांढरं पडतं, मग पाणी.

म्हणून यल्लोजीकाका म्हणाले तेव्हा
मला हसू आलं नाही:
"तिकडं उत्तरंला, दिवस न उगवणाऱ्या मुलखात
माळावर खांब रोवल्यात रांगेनं,
आणि त्यातनं आभाळ तापवायल्यात, बघ."
शेजारची निंगव्वा मात्र "अय्यो" म्हणाली
आणि गच्चीवरच्या मिरच्या गोळा करून
खाली निघून गेली.

काका सिग्नलमध्ये होते, अठ्ठावीस वर्षं.
बोटं आता चहाचा कप सांडतात,
पण डायलवर ठेवली की शहाण्यासारखी वागतात.
"हवा नव्हं रे तापत. अडीचशे किलोमीटरवर हवा ती केवढी!
तापतात ते सुटे इलेक्ट्रॉन.
उन्हानं दिवसभर फोडलेले,
रात्री जोडी हुडकत फिरणारे.
खटका बंद केला की परत पेंगतात,
जसं काय झालंच नाही."
मग तापवायचे कशाला?
"तू भट्टीत पळी बुडवतोस ते कशाला?
ढवळल्याबिगर कळतंय होय, आत काय हाय ते."

येळ्ळूरच्या गच्चीवर,
पाण्याच्या टाकीपासून नारळापर्यंत
जळक्या मोटारीची सोडवलेली वायर.
साडेबारा वाजले.
खालचा थर रात्री विझतो, काका म्हणाले,
मग लांबचे आवाज वरच्यावर टप्पे घेत येतात.
आले: कुठली तरी प्रार्थना, कुठला तरी बाजारभाव,
एक बाई अनोळखी भाषेत कुणाला तरी रागवत होती.
मग त्यांच्या मधल्या फटीत
एक सरळ सूर.
दहा सेकंद. गप्प.
दहा सेकंद. गप्प.

काका गुडघ्यावर बोट आपटत मोजत होते.
ओंदु, एरडु, मूरु…
शाळा मराठी, पलटण मराठी,
पण आकडे त्यांना आईबरोबर बाजारात लागले,
ते कानडीतच राहिले.

आमच्यासाठी नव्हताच तो सूर.
सरळ वर सोडलेला,
वर जाता जाता कडेनं थोडा सांडला
आणि तेवढा सांडलेला थेंब
आमच्या जळक्या वायरीला लागला.

मग कागद. ऐकलं त्यानं कळवायचं असतं.
वेळ लिहिली. जोर लिहिला, अगदी क्षीण.
"खरखर भरपूर म्हणून लिही," काका म्हणाले,
"तुझीच तिसरी पाळी हाय ती."
पुढचा रकाना: ठिकाण.
पेन थांबलं.
या एका रकान्यापायी आमच्याकडे
पाट्यांना डांबर लागलंय, एसटीच्या काचा गेल्यात,
माझ्या दोन मामांनी
एकमेकांच्या घरचं पाणी सोडलंय.
"बेळगाव लिहू, का बेळगावी?"

काकांनी पेन ओढून घेतलं.
थरथरत्या अक्षरात: एम के पंच्याहत्तर.
कागदाच्या पाठीवर एक चौकोन काढला.
"अख्खी पृथ्वी अशी कापलीय. हा आपला तुकडा.
हे खानापूर. हे चंदगड. हे धारवाड.
हा गोव्याचा कोपरा, वाळपईकडचा.
सगळी एकाच खोलीत."
मी विचारलं, आणि निपाणी?
काका चौकोनाच्या वर बघत राहिले.
"निपाणी भाईर. वरच्या खोलीत."
मग खोकला येईपर्यंत हसले.
"तिथंबी भांडायचं म्हटलं तर जमतंय की."

उजाडलं तसा खालचा थर पुन्हा जमू लागला,
एकेक लांबचा आवाज गिळत.
शेवटी धारवाड तेवढं उरलं, हवामान सांगत.
निंगव्वानं मिरच्या परत पसरल्या.
पदर डोक्यावर ओढला, मान वर केली
आणि हात उंच धरून पाहिला,
जसं तव्यावर धरून बघतात,
चटका बसतोय का.