न्यूट्रल तुटली त्यानंतर

अमळनेर, वैशाख, दुपारचे तीन.
मीटर लावून पाहिलं : एकशे अडुसष्ट.
एवढ्यावर पंखा फिरतो, वारा देत नाही.
ट्यूब डोळे मिचकावते, पेटायचं टाळते,
आणि फ्रीज कण्हत राहतो
चिखलात बसलेल्या बैलासारखा,
उठतो उठतो म्हणतो, उठत नाही.

हे रोजचं. याची कुणी तक्रार करत नाही.

सोमवारी रात्री मात्र
पिठाच्या गिरणीजवळच्या खांबावर न्यूट्रल तुटली.
तार तुटल्याचं कळलं नाही कुणाला.
बल्ब आधी पिवळ्याचे पांढरे झाले, मग निळसर,
गल्ली कधी नव्हे एवढी लख्ख दिसली,
खैरनारांच्या ओट्यावरची पोरं नाचली,
"लाईट कितली भारी उनी!"
आणि मग फट्.
एका घरात फट्, थांबून दुसऱ्या घरात,
मधे एक घर सोडून तिसऱ्यात.

सकाळी माझ्या दुकानापुढे
टीव्ही, सेटटॉप बॉक्स, दोन मिक्सर,
चार हप्ते बाकी असलेलं वॉशिंग मशीन,
आणि जळक्या वार्निशचा वास,
जो नाकात बसला की भाकरीलाही येतो.
सगळे एकच विचारत होते, जमेल का?
मी स्क्रू सावकाश फिरवतो.
नाही म्हणायला तेवढाच उशीर.

कौतिकबाई बडगुजर सगळ्यांत शेवटी आल्या,
रिक्षात, मांडीवर आठ किलोचा स्टॅबिलायझर
गोधडीत गुंडाळून.
"फ्रीज चांगला से. याले काय व्हयनं ते देख."
फ्रीजच्या दारात, लोणच्याशेजारी,
त्यांच्या पुतणीचं इन्सुलिन असतं.

मी म्हणालो, नवा घ्या, हलका येतो, त्यावर आकडे दिसतात.
"आकडा देखीसन काय करू?"

चार स्क्रू. चौथा नेहमीसारखा दुसऱ्याच मापाचा.
आत वेढे कोळशासारखे,
आणि फ्यूजची तार, केसाएवढी, वितळून दोन थेंब झालेली.
लोक तिथे जाड तार पिळून ठेवतात,
पुन्हा पुन्हा जायला नको म्हणून.
इथे कुणी तसं केलं नव्हतं.
आधी वेढे जळले की आधी फ्यूज गेला, सांगता येत नाही.
फ्रीजपर्यंत काही पोचलं नाही, एवढं खरं.

झाकणाच्या आतून चिठ्ठी, पिवळी पडलेली :
"कौतिकबाई. वेढे नवीन. कट-ऑफ २५०.
बाकी ४० रु."
तारीख नव्याण्णव सालची. अक्षर झुलाल मिस्तरींचं,
ज्यांनी मला टेस्टर धरायला शिकवलं,
मग दुकान देऊन टाकलं आणि सुरतेला मुलाकडे गेले.

मी वाचून दाखवली.
त्या तोंडावर पदर धरून हसल्या, मग हसायच्या थांबल्या,
कमरेची पिशवी सोडून दहाच्या चार नोटा मोजल्या
आणि विचारलं, "व्याज?"

जाताना मी सवयीने सांगू लागलो,
लाईट गेली की बटण बंद करा,
आली की लगेच लावू नका, पहिला झटका वाईट असतो,
पाच मिनिटं...
त्यांनी हात वर केला.
लाईट आली की त्या शेंगा फोडायला बसतात.
वाटीभर दाणे झाले की बटण.
आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर तांब्याभर पाणी,
झाडांना घालून झालं की.
पंचवीस वर्षं.
बाकीच्या गल्लीला मी काय सांगितलं होतं, आठवेना.

रात्री वेढे घालायला बसलो, हाताच्या मशीनवर.
तीनशेच्या पुढे मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून.
मधे लाईट गेली, तरी मशीनचं काही अडलं नाही.
जुन्या चिठ्ठीखाली लिहिलं : "४० जमा."
त्याखाली माझं नाव लिहावं का, ठरेना.

मग लाईट आली.
समोरच्या घरात लगेच टीव्ही बोलू लागला.
मी हात आवरला.
शेंगा नव्हत्या,
डबीतले स्क्रू मोजत बसलो.