लॉगशीटच्या मागच्या बाजूला

नऊ ते साडेदहा वर्ग,
दहापासून माझी रात्रपाळी.
म्हणजे रोज अर्धा तास मी दोन ठिकाणी हजर असते,
एका कानात प्राध्यापक, दुसऱ्या कानात
तेहतीस केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरची घूं घूं.

शाश्वत विकास आणि हवामान. पदव्युत्तर.
फी सहा हप्त्यांत.
पुंजाराम लाइनमन म्हणतो,
"ह्या वयात कायले जी मॅडम?
शिकल्यानं उन्हाळा कमी होते का?"
नाही होत, म्हणते मी,
आणि हेडफोनची वायर चष्म्याच्या काडीखालून घेते.

वर्गात कोचीच्या बंदरावरचा एक जण आहे,
गुवाहाटीची एक नर्स,
आणि ज्यांच्या मागे पुस्तकांची कपाटं आहेत असे पुष्कळ.
माझ्या मागे पॅनेल, लाल दिवा, हिरवा दिवा,
कवटी आणि दोन हाडं.
सरांना वाटलं, गमतीनं बॅकग्राउंड लावलंय.

पहिला स्वाध्याय:
आपल्या परिसराच्या तापमानाची दहा वर्षांची नोंद शोधा. स्रोत द्या.
मी उठले आणि लोखंडी कपाट उघडलं.
दर तासाला तेलाचं तापमान, दर तासाला लोड,
गोतमारे साहेबांचा वळणदार सात,
बोदड्यांचा घाईतला,
मग माझा.
मे महिना, दुपारचे तीन: तेव्हा अडुसष्ट,
यंदा एकोणऐंशी.
पण लोड वाढला म्हणून, की ऊन वाढलं म्हणून?
हे वेगळं काढायला माझे पाच रविवार गेले,
आणि एका रविवारी भाचीचं साक्षगंध होतं.

उन्हाळ्यात रोज संध्याकाळी
अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी टाकावं लागतं.
माती सुकली की वीज
जमिनीत उतरायची वाट विसरते.
आमची बोअर एप्रिलातच आटली, पाणी टँकरचं.
कुंपणापलीकडून जाताना शेवंता म्हणाली,
"इजेले पानी पाजता, आमाले नाई."
ते मी निबंधात जसंच्या तसं लिहिलं.
समासात सरांनी लाल रंगात विचारलं: संदर्भ?

रेझिलियन्सला तुमच्या भाषेत काय म्हणतात, हेही विचारलं एकदा.
कुणी म्हणालं लवचिकता. कुणी म्हणालं तग.
मला आई आठवली, लिंबाच्या कलमापाशी उकिडवी बसलेली:
हात नको लावू, आठ दिवस थांब,
जीव धरला का बघू.
पण माझा माइक बंद होता.

तोंडी परीक्षा चौदा मेची, रात्री दहा दहाला.
धुतलेली ओढणी घेतली. रजिस्टर उशाला असावं तसं जवळ.
दुसऱ्या प्रश्नाला फोन वाजला:
तीन मेगावॅट उतरवा, लगेच.
यादीप्रमाणे पाळी सावंगीची.
सावंगीला आरोग्य केंद्र, लसींचा फ्रिज,
आणि पत्र्याची घरं, जी रात्री एकपर्यंत
दिवसाचं ऊन घरातल्यांवर ओतत राहतात.
दुसरा फीडर नव्या वसाहतीचा.
त्यावर एसी, बँक, माझं घर,
आणि तो टॉवर, ज्याच्या बॅटऱ्या
मार्चमध्येच चोरीला गेल्या.

सर विचारत होते,
"टंचाईत भार कुणावर टाकायचा, हे
कोण ठरव—"

ब्रेकर पडल्याचा आवाज
लहान नसतो. छातीत लागतो.
पडद्यावर सरांचं तोंड उघडं राहिलं,
मग तेही गेलं.

पाऊण तासानं रेंज आली. सोबत एक फॉर्म:
परीक्षा अर्धवट सोडल्याचं कारण.
खाली तयार पर्याय होते. तब्येत. नेटवर्क. वीज गेली.
मी 'इतर' निवडलं आणि लिहिलं:
गेली नाही. मी घालवली.

लॉगशीटवर फक्त वेळ लिहिली, आकडा लिहिला,
यादी मोडल्याचा शेरा मारला, सही केली.
उद्या साहेब विचारतील.
त्यांच्यासाठी मागच्या बाजूला
ते अर्धं राहिलेलं उत्तर
पूर्ण लिहून ठेवलंय.

तेवीस वाजता तेल एकाहत्तर.
पुंजाराम, बादली भर.