तिसरी कडी

दाराला तिसरी कडी लावली, माझ्या डोक्याच्याही वर.
येल्मर खुर्ची ओढत आणतो,
म्हणून खुर्च्या रात्री माझ्या खोलीत.

इथे फ्रीसलंडात अंगण संपतं तिथे कालवा.
पाण्याने बोलावलेलं त्याला ऐकू येतं,
मी मारलेली हाक नाही.

शेजारच्या वीत्स्केबाईंना सांगून ठेवलंय:
एकटा दिसला तर ओरडू नका,
नुसत्या बरोबर चाला,
पाण्याच्या बाजूने.

बुधवारी तो पोहायला शिकतो,
बूट-कोटासकट.
काठावर मी, टॉवेल पिळत. कोरडाच.

काल पहाटे दाराची घंटी किणकिणली.
धावले.
अनवाणी उभा होता, आतच.
माझा हात उचलून त्याने कडीकडे नेला,
बिस्किटांच्या डब्याकडे नेतो तसा.

लावायची राहिली होती.